पपायरस आणि पानफुटी: तुलना करायची तर कशावर?

रानहळद

दलदलीत वाढणारा पपायरस आणि खडकाच्या भेगेतही तग धरणारी पानफुटी, या दोन सपुष्प वनस्पती शेजारी ठेवून बघाव्यात असं बरेच दिवस मनात आहे. अशी तुलना वाचायला मिळते तेव्हा ती बहुधा एका तक्त्यात आटोपते. हा एकदल, ती द्विदल. याला पाणी भरपूर, तिला कमी. याची पानं नाहीशी झालेली, तिची जाडजूड. तक्ता चुकीचा नसतो, पण तो वाचून झाल्यावर दोघांविषयी नवीन काही कळलेलं नसतं.

माझं म्हणणं असं आहे की या दोघांनी एकाच अडचणीवर उपाय शोधलाय आणि त्यासाठी वापरलेलं रसायनही जवळजवळ एकच आहे. पपायरसने ते काम दोन जागांत वाटून दिलं, पानफुटीने दोन वेळांत. या धाग्यात मला मुख्यतः त्यावर बोलायचंय. फुलं, मुळं, पुनरुत्पादन यांवर कोणी लिहिलं तर फारच छान.

आधी ओळख करून देते. पपायरस, शास्त्रीय नाव सायपेरस पपायरस, मोथ्याच्या कुळातला. नागरमोथा आणि लव्हाळा त्याचे भाऊबंद. चार-पाच मीटर उंच जातो. खोड त्रिधारी, गुळगुळीत, बुडापासून शेंड्यापर्यंत एकही पेर नाही. शेंड्यावर जो हिरवा झुपका दिसतो ती पानं नव्हेत, ते फुलोऱ्याचे दोऱ्यासारखे बारीक दांडे. खरी पानं बुडाशी तपकिरी खवल्यांच्या रूपात उरली आहेत, त्यामुळे अन्न तयार करण्याचं सगळं काम हिरव्या खोडावर आणि त्या झुपक्यावर येऊन पडतं. मूळचा आफ्रिकेतला. दक्षिण सुदानमधली सुद ही अफाट दलदल, व्हिक्टोरिया सरोवराचे काठ, ओकावांगोचा त्रिभुज प्रदेश, इथे तो मैलोन्‌मैल पसरलेला असतो.

पानफुटी म्हणजे कलांचो पिनाटा. ब्रायोफिलम पिनाटम हे तिचं दुसरं नावही पुस्तकांत सर्रास दिसतं. कुळ क्रॅसुलेसी, मूळ मादागास्करचं, पण आता उष्ण कटिबंधात जवळपास सगळीकडे पोचलेली. खालची पानं साधी, वरची तीन ते पाच पर्णिकांची, मांसल, कडेला गोलसर दाते. त्या दात्यांच्या खाचांमध्ये नवीन रोपं येतात हे तर सर्वांनाच ठाऊक आहे.

कुतूहल

छान धागा. पण ‘एकच अडचण’ म्हणजे नेमकी कोणती? एकाच्या पायाशी पाणीच पाणी, दुसरीला पाण्याची टंचाई. मला तर दोघांच्या अडचणी एकमेकांच्या अगदी उलट वाटतात.

रानहळद

पाण्याच्या बाबतीत उलट आहेत, बरोबर. पण मी म्हणतेय ती अडचण हवेतून कार्बन घेण्याची आहे.

वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतात तो रुबिस्को नावाच्या एन्झाइमने. या एन्झाइमचं एक वैगुण्य आहे: त्याला कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांत नीट फरक करता येत नाही. ऑक्सिजन पकडला की तयार झालेला माल निरुपयोगी ठरतो, तो निस्तरायला ऊर्जा लागते आणि आधी मिळवलेला थोडा कार्बनही हातचा जातो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. ऊन आणि तापमान वाढेल तसा हा तोटा वाढतो. पपायरस आणि पानफुटी, दोघेही उष्ण प्रदेशातले, भर उन्हातले. म्हणजे अडचण दोघांनाही लागू.

उपाय असा, की रुबिस्कोच्या आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी करायची की ऑक्सिजनला संधीच मिळू नये. त्यासाठी दोघांनी पेप कार्बोक्सिलेझ नावाचं दुसरं एन्झाइम पुढे केलं. हे ऑक्सिजनच्या नादी लागत नाही. ते कार्बन पकडून चार कार्बनचं आम्ल बनवतं, आणि ते पुढे मुख्यतः मॅलिक आम्लाच्या रूपात वागवलं जातं. इथपर्यंत दोघांची वाट एकच आहे.

पुढे पपायरस काय करतो? बाहेरच्या पेशींमध्ये आम्ल तयार करतो आणि लगेच आतल्या, शिरांभोवतीच्या पेशींमध्ये पाठवतो. तिथे ते आम्ल फोडून कार्बन डायऑक्साइड मोकळा होतो आणि रुबिस्को तो वापरतं. सगळं दिवसाउजेडी चालतं, फक्त दोन वेगवेगळ्या ठिकाणी. हे सी-४ प्रकाशसंश्लेषण.

पानफुटी हेच काम एकाच पेशीत करते, पण रात्री आणि दिवसा. रात्री पर्णरंध्रं उघडते, कार्बन घेते, मॅलिक आम्ल बनवून पेशीतल्या मोठ्या रिक्तिकेत साठवते. रात्रीत हंडे भरून ठेवावेत आणि दिवसभर पुरवावेत, तसं. सकाळ झाली की रंध्रं बंद, आणि साठवलेलं आम्ल आतल्या आत फोडून वापरायचं. याला कॅम (क्रॅसुलेशियन अ‍ॅसिड मेटाबॉलिझम) म्हणतात, आणि हे नाव क्रॅसुलेसी कुळावरूनच पडलंय.

दवबिंदू

यात इतिहासाची थोडी भर घालतो, कारण तो थेट पानफुटीशी जोडलेला आहे.

बेंजामिन हाइन हे वनस्पतिशास्त्रज्ञ भारतात काम करत होते. त्यांच्या लक्षात आलं की पानफुटीचं पान सकाळी चांगलंच आंबट लागतं, दुपारपर्यंत चव जवळजवळ नाहीशी होते आणि संध्याकाळी ते किंचित कडवट लागतं. 1813 मध्ये त्यांनी हे पत्राने लंडनला कळवलं आणि 1815 मध्ये तिथल्या लिनियन सोसायटीने ते छापलं. त्याआधी 1804 मध्ये द सोस्यूर यांना निवडुंगाच्या बाबतीत वायूंच्या देवाणघेवाणीत काहीतरी वेगळं चाललंय हे दिसलं होतं, पण आंबटपणा दिवसभरात कसा उतरत जातो हे हाइन यांनी जिभेवर टिपलं. रुबिस्को, मॅलिक आम्ल, रिक्तिका यांतलं काहीही हाताशी नसताना! निव्वळ एकाच पानाकडे दिवसातून पुन्हापुन्हा वळण्याची ही चिकाटी मला फार मोठी वाटते.

मूलस्तंभ

दवबिंदू, छान माहिती. फक्त वाचणाऱ्यांना कळकळीची विनंती: हा प्रयोग जिभेने करू नका. पानफुटीत आणि तिच्या जवळच्या जातींत बुफाडायनोलाइड्स नावाची द्रव्यं असतात आणि ती हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. या गटातल्या वनस्पती खाऊन गुरं दगावल्याच्या नोंदी आहेत. फुलांमध्ये ही द्रव्यं जास्त असतात. पान चिरडून पीएच पट्टी लावा, पहाटेच्या आणि संध्याकाळच्या पानातला फरक रंगात स्पष्ट दिसतो.

गवतफूल

रानहळद ताई, तुमचं स्पष्टीकरण पटलं, पण एक गोष्ट अडकते. कॅमचा फायदा मला समजला, रात्री हवा थंड आणि दमट असते, रंध्रं उघडली तरी पाणी कमी उडतं. सी-४ वनस्पतीही पाणी जपून वापरतात असं वाचलंय. मग जो पपायरस आयुष्यभर पाण्यातच उभा आहे, त्याला पाणी वाचवणारी व्यवस्था कशाला हवी?

मूलस्तंभ

हा प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी आकडे. एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड मिळवताना साधारण सी-३ वनस्पती (म्हणजे अशी कोणतीही खास सोय नसलेली, थेट रुबिस्कोने कार्बन पकडणारी) 400 ते 500 ग्रॅम पाणी बाष्परूपाने गमावते. सी-४ वनस्पती 250 ते 300 ग्रॅम. कॅम वनस्पती 50 ते 100 ग्रॅम. हे आकडे पाहिले की कॅम आणि सी-४ दोन्ही पाण्याच्या काटकसरीसाठीच आहेत असा समज होतो. पानफुटीसाठी तो खरा आहे. पपायरससाठी नाही.

दलदलीत पाणी मुबलक असतं, ऊन मुबलक असतं. कमी असतं ते नत्र. चिखलात ऑक्सिजन नसल्यामुळे मेलेला पाला लवकर कुजत नाही, त्यातलं नत्र मोकळं होत नाही, आणि जे नायट्रेट असतं त्याचं सूक्ष्मजीव वायूत रूपांतर करून टाकतात. आता रुबिस्को हे प्रथिन आहे आणि सी-३ वनस्पतींना ते इतकं भरमसाट लागतं की हिरव्या भागातल्या नत्राचा मोठा वाटा त्या एकाच एन्झाइममध्ये अडकून पडतो. सी-४ मध्ये रुबिस्कोला कार्बन डायऑक्साइड आयता आणि दाट मिळतो, त्यामुळे थोड्या रुबिस्कोवर तेवढंच काम होतं. म्हणजे पपायरस काटकसर करतो ती नत्राची. शिवाय जुनं खोड वाळायला लागलं की त्यातलं नत्र तो ओढून घेतो आणि चिखलातल्या आडव्या खोडात जमा करतो, तिथून ते नव्या खोडांना मिळतं.

म्हणून पपायरस इतक्या गरीब चिखलात इतका माजतो. जगातल्या सगळ्यात वेगाने जैवभार तयार करणाऱ्या नैसर्गिक वनस्पतींमध्ये त्याची गणना होते.

गवतफूल

म्हणजे दोघांचं रसायन एक, पण वाचवायची वस्तू वेगळी. धन्यवाद, आता बसलं डोक्यात.

शेवाळ

मूलस्तंभ यांच्या मुद्द्याला एक पूरक गोष्ट. कुंड्यांमध्ये आणि तळ्यांच्या कडेला ‘छत्री पपायरस’ म्हणून जो लावतात तो सायपेरस आल्टरनिफोलियस किंवा त्याच्या अगदी जवळची जात. शेंड्यावर छत्रीच्या काड्यांसारखी चपटी, पसरलेली सहपत्रं (फुलोऱ्याच्या बुडाशी येणारी पानं) असतात, खऱ्या पपायरससारखा दोऱ्यांचा झुपका नसतो. हाही ओल्या जागेतला, याचंही खोड बिनपेराचं, प्रजातीही तीच, सायपेरस. पण हा सी-३ आहे. एकाच प्रजातीत, एकाच प्रकारच्या जागी राहणारे दोन भाऊ आणि कार्बन पकडण्याची पद्धत वेगळी. त्यामुळे ‘दलदल म्हणून सी-४’ असं सरळ समीकरण मांडता येत नाही. कोणत्या वंशशाखेला ती वाट सापडली हेही बघावं लागतं.

कुतूहल

मग यातली जास्त उत्क्रांत कोण? सी-४ की कॅम?

रानहळद

कुतूहल, ही शिडी मला मान्य नाही. सी-४ पद्धत वनस्पतींमध्ये साठाहून अधिक वेळा स्वतंत्रपणे उगम पावली आहे, आणि मोथ्याच्या एका कुळातच ती अनेकदा अवतरलीय. कॅमही तीसहून अधिक कुळांत सापडतं, त्यात निवडुंग आहेत, अननस आहे, झाडांवर वाढणारी कित्येक ऑर्किड आहेत. ज्या गोष्टी इतक्या वेळा पुन्हापुन्हा घडतात त्यांना वरची पायरी आणि खालची पायरी म्हणण्यात अर्थ नाही. सुटे भाग सी-३ वनस्पतींतही आधीपासून होतेच. पेप कार्बोक्सिलेझ त्यांच्यातही असतं, दुसऱ्या कामांसाठी.

आणि पानफुटी काही जन्मापासून पक्की कॅम नसते. तिची कोवळी पानं बरंचसं काम साध्या सी-३ पद्धतीने करतात, पान जून होत जाईल तसा रात्रीचा वाटा वाढतो. एकाच रोपावर वरचं पान एका पद्धतीने आणि खालचं पान दुसऱ्या पद्धतीने चाललेलं असू शकतं. कोण जास्त उत्क्रांत हा प्रश्न तिथे एका झाडाच्या आतच विरून जातो.

दवबिंदू

आणि या दोन्ही पद्धती एकत्र हव्या असतील तर घोळ ही रानभाजी बघा. पोर्टुलाका ओलेरासिया, जमिनीलगत पसरणारी, लालसर खोडाची, मांसल पानांची. पाणी असताना ती सी-४ पद्धतीने चालते. दुष्काळ पडला की त्यावर कॅमही सुरू करते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं की या दोन प्रक्रिया वेगवेगळ्या पेशींत बाजूबाजूने चालत नाहीत, त्याच पेशींमध्ये एकमेकींत गुंफलेल्या असतात. पपायरसची वाट आणि पानफुटीची वाट एकाच पानात.

रानहळद

वा! घोळीचं उदाहरण माझ्या मूळ मुद्द्याला माझ्यापेक्षा चांगलं मांडतं.

अवकाळी

थोडा व्यावहारिक प्रश्न विचारतो. पानफुटीला पाणी जास्त झालं की मुळं कुजतात, आणि पपायरस चोवीस तास पाण्यात राहून ताजा. पाणी तर तेच. मग एकाला बाधतं आणि दुसऱ्याला का बाधत नाही?

मूलस्तंभ

बाधतं ते पाणी नव्हे, गुदमरणं. मुळांनाही श्वास घ्यावा लागतो आणि ऑक्सिजन पाण्यातून पसरण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या सुमारे दहा हजारांश असतो. कुंडीतल्या मातीच्या फटी पाण्याने भरल्या की मुळांपर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, पेशी मरतात आणि मग बुरशीला आयतं घर मिळतं. पानफुटीची मुळं हवेशीर, पटकन निचरा होणाऱ्या जागेसाठी घडलेली आहेत, त्यांच्याकडे दुसरी सोय नाही.

पपायरस स्वतःची हवा बरोबर घेऊन जातो. खोड आडवं कापून पाहा, आतला पांढरा गर स्पंजासारखा सच्छिद्र असतो. त्याला वायूतक म्हणतात. उन्हातल्या हिरव्या भागातून आत आलेला ऑक्सिजन या पोकळ्यांमधून चिखलातल्या आडव्या खोडापर्यंत आणि मुळांपर्यंत उतरतो. थोडा मुळांमधून बाहेरही झिरपतो. पाणथळ वनस्पतींच्या मुळांवर तांबूस थर दिसतो तो यामुळेच, चिखलात विरघळलेलं लोह त्या ऑक्सिजनशी संयोग पावून मुळांवर बसतं.

याच गरामुळे पपायरस तरंगतो. आडव्या खोडांची आणि मुळांची गुंतागुंत इतकी दाट होते की तिची मोठी चटई पाण्यावर तरंगत राहते, कधी काठापासून तुटून बेटासारखी वाहत जाते.

शेवाळ

प्राचीन इजिप्तमध्ये लिहिण्यासाठी वापरला तोही हाच गर. खोडाची साल काढायची, गराच्या पातळ पट्ट्या कापायच्या, एक थर उभा आणि एक आडवा ठेवून दाबून वाळवायचा. सक्कारा इथल्या हेमाकाच्या थडग्यात इसवी सनापूर्वी सुमारे 2900 मधली कोरी गुंडाळी सापडली आहे. लिहिलेल्यांत आजवर सापडलेले सगळ्यात जुने पपायरस वादी अल-जर्फ इथले, खुफू राजाच्या काळातले. ते 2013 मध्ये सापडले आणि त्यांत पिरॅमिडसाठी चुनखडक वाहून नेणाऱ्या पथकाची रोजनिशी आहे.

नावाही याच्याच. नॉर्वेचे साहसी प्रवासी थोर हेयरदाल यांनी 1970 मध्ये पपायरसच्या ‘रा-2’ या नौकेतून मोरोक्को ते बार्बाडोस असा अटलांटिक 57 दिवसांत पार केला होता. आदल्या वर्षीची पहिली ‘रा’ मात्र पलीकडे पोचण्याआधीच मोडकळीला आली.

गवतफूल

फुलांवर कोणीच बोललं नाही अजून! धाग्यात सपुष्प म्हटलंय ना?

रानहळद

मला त्याच्यावर लिहायचंच होतं. इथे मात्र दोघं खरोखर दोन टोकांना आहेत.

पानफुटीचं फूल आधी घेऊ. दिवस लहान असतात त्या काळात उंच दांडा येतो आणि त्यावर खाली झुकलेली, घंटेसारखी फुलं लागतात. बाहेर दिसतो तो फुगलेला, कागदासारखा पातळ निदलपुंज, हिरवट-लालसर, कळी असताना बोटांनी दाबला तर टचकन फुटणारा. खरी पाकळ्यांची नळी त्याच्या आतून नंतर डोकावते. सगळा हिशोब चारचा: निदलं चार, पाकळ्या चार, पुंकेसर आठ, अंडपी चार. तळाशी मध असतो. लांब चोचीच्या पक्ष्यांना सोयीची अशी ही सगळी घडण आहे.

पपायरसचं फूल शोधायला भिंग लागतं. झुपक्यातल्या दोऱ्यांच्या टोकांना बारीक तपकिरी कणिशकं असतात. प्रत्येक कणिशकात दोन ओळींत तुसं, आणि प्रत्येक तुसाच्या बगलेत एक फूल. पाकळ्या नाहीत, निदलं नाहीत, मध नाही, रंग नाही, वास नाही. उरलंय फक्त कामापुरतं: तीन पुंकेसर, एक बीजांडकोश आणि तीन फाट्यांची कुक्षी. पराग वारा नेतो. वाऱ्याला भुलवायचं नसतं, म्हणून भुलवण्याचं सगळं साहित्य गळून गेलं.

आणि या कुळाच्या परागकणांबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. बहुतेक सपुष्प वनस्पतींत एका मातृपेशीचं विभाजन होऊन चार परागकण तयार होतात. मोथ्याच्या कुळात चार केंद्रकं तयार होतात, त्यांतली तीन झिजून जातात आणि एकच कण पूर्ण होतो. बी घडताना, मादीच्या बाजूला, चारांतली तीन नाहीशी होणं हे वनस्पतींत नेहमीचंच आहे. नराच्या बाजूला तसं घडणं अतिशय दुर्मिळ. असं का, यावर अभ्यासकांमध्ये अजून चर्चा चालू आहे, पण एवढ्याशा, कोणी ढुंकूनही न बघणाऱ्या फुलात ही गोष्ट दडलेली असते हेच मला फार मोलाचं वाटतं. सुंदर फूल म्हणून कोणी पपायरसकडे वळणार नाही. भिंग घेऊन मात्र जरूर वळावं.

अवकाळी

फूल इतकं तयारीचं असूनही पानफुटी पानांतूनच जास्त वाढते ना? मग बियांची गरज काय तिला?

दवबिंदू

बिया ती करतेच, धुळीसारख्या बारीक आणि भरपूर. पण पानातून येणारं रोप हुबेहूब आईसारखं असतं, बीमधून येणारं वेगळं असू शकतं. जागा बदलली, रोग आला, तर वेगळेपण कामी येतं.

पानाच्या खाचेत असलेली कळी झाडावर असेपर्यंत बहुधा गप्प असते. पान गळलं, तुटलं किंवा फार जून झालं की ती जागी होते, आधी मुळं आणि मग पानं काढते. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला झाक लोब या जीवशास्त्रज्ञांनी यावर पुष्कळ प्रयोग केले. त्यांना दिसलं की एका पानातून येणाऱ्या रोपांचं एकूण वजन त्या पानाच्या वजनाच्या प्रमाणात असतं. पान जितकं मोठं तितका रोपांचा एकूण भार मोठा, मग रोपं थोडी असोत की पुष्कळ. म्हणजे पान आपल्यातला साठा रिता करून पिलांना देतं. गटे हा जर्मन कवीही या वनस्पतीच्या नादी लागला होता, तिची पानं मित्रांना पाठवायचा.

तिच्या नात्यातली कलांचो डेग्रेमोंटियाना एक पाऊल पुढे गेलीय. तिच्या पानांच्या कडेला झाडावर असतानाच रोपांची रांग लागते. 2007 च्या एका अभ्यासात दिसलं की बीमधला गर्भ घडवणारी जनुकं तिथे पानाच्या कडेवर कामाला लागलेली असतात. तिला टिकाऊ बी धरताच येत नाही. आपल्या पानफुटीने दोन्ही दारं उघडी ठेवली आहेत.

शेवाळ

पपायरसकडे हे काम चिखलातल्या आडव्या खोडाचं. पण छत्री पपायरसची एक गोष्ट इथे अगदी जुळते. त्याचा शेंडा थोडा दांडा ठेवून कापा, सहपत्रं निम्मी छाटा आणि उलटा करून पाण्यावर ठेवा. काही आठवड्यांत सहपत्रांच्या बगलांमधून मुळं आणि कोंब येतात. निसर्गातही खोड वाकून शेंडा पाण्याला टेकला की असंच होतं. फरक असा की तिथे कळी सहपत्राच्या बगलेत असते, म्हणजे कळी असायची तिथेच. पानफुटीत ती थेट पानाच्या कडेवर आहे, आणि वनस्पतींच्या एरवीच्या रचनेत पानाच्या कडेवर कळीला जागाच नसते. दिसायला सारखं, पण पानफुटीचं प्रकरण जास्त चकित करणारं.

मूलस्तंभ

एक काळजीचा मुद्दा मांडतो. या दोन्ही वनस्पती आपल्या मूळ जागेबाहेर त्रासदायक ठरू शकतात, आणि पानफुटी जास्त. हवाई आणि गालापागोस बेटांवर तिने स्थानिक वनस्पतींची जागा बळकावली आहे. एक पान पडलं तरी पुरतं, म्हणून उपटून टाकलेली पानफुटी मोकळ्या जागी फेकू नये.

पपायरसच्या बाबतीत दुःख उलटं आहे. मूळ जागी, आफ्रिकेतल्या सरोवरांकाठी, त्याची दलदल शेतीसाठी सुकवली जाते. ती सुकली की शेकडो वर्षं न कुजता साठलेला काळा थर हवेला उघडा पडतो, कुजतो, आणि त्यातला कार्बन हवेत जातो. वरून वाहून येणारा गाळ अडवणारी भिंत जाते. पपायरस गोनोलेक नावाचा लाल-पिवळा-काळा पक्षी तर पपायरसच्या दलदलीखेरीज राहतच नाही. दलदल म्हणजे पडीक जागा, हा समज जिथे आहे तिथे तो मोडला पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

रानहळद

मूलस्तंभ, शंभर टक्के सहमत. फक्त कुजण्याचा थर म्हणून नव्हे, ती जिवंत वस्ती म्हणूनही जपायला हवी.

कुतूहल

शेवटचं विचारतो. ही जागा आणि वेळ यांची गोष्ट प्रयोगशाळेशिवाय स्वतः बघता येईल का? पीएच पट्टीचं कळलं, पण ते फक्त पानफुटीसाठी झालं. दोघांची एकत्र तुलना होईल असं काही?

मूलस्तंभ

होईल, वजन काट्याने. एका कुंडीत पानफुटी, एका कुंडीत पपायरस. खरा पपायरस मोठा पडतो, त्याची बुटकी जात किंवा छत्री पपायरसही चालेल, कारण इथे आपण रंध्रं कधी उघडतात एवढंच बघतोय. पपायरसच्या कुंडीला खाली छिद्र नको, माती चिखल होईल इतकी भिजवा. पानफुटीला नेहमीपेक्षा थोडं कमी पाणी देऊन काही दिवस ठेवा. मग दोन्ही कुंड्या मातीच्या पातळीवर प्लास्टिकने घट्ट बांधा, म्हणजे मातीतून पाणी उडणार नाही आणि जे वजन घटेल ते रोपातूनच घटेल. काटा एक-दोन ग्रॅमचा फरक दाखवणारा हवा. सूर्योदयाला, भर दुपारी आणि सूर्यास्ताला वजन घ्या.

पपायरसची घट जवळजवळ सगळी दिवसा दिसेल, रात्री काटा फारसा हलणार नाही. पानफुटीची एकूण घट अगदी थोडी असेल, आणि तीही मुख्यतः रात्री.

रानहळद

यात एक जोडते. पानफुटीचं रोप जून पानांचं निवडा, कोवळी पानं दिवसाही रंध्रं उघडतात. आणि भरपूर पाणी दिलेली पानफुटी दुपार उतरल्यावर, साठवलेलं आम्ल संपलं की उजेड असतानाच रंध्रं उघडते. त्यामुळे दुपार ते सूर्यास्त या टप्प्यात घट दिसली तर प्रयोग फसला असं समजू नका. पाणी आणखी कमी करत जा, तशी ती संध्याकाळची घट आधी नाहीशी होईल. कोणी केलंत तर आकडे इथेच टाका.